आल्पाइन क्लाइंबसाठी कॅरीमॅट: किती जाड, किती लांब आणि कटर कुठे चालवायचा

मनालीजवळच्या फ्रेंडशिप पीकच्या (५२८९ मीटर) वरच्या कॅम्पला, लेडी लेगला, रात्री आठच्या सुमाराला माझी फुगवायची मॅट बसली. चूक माझीच, टेंटच्या दारात क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फावर चालायला बुटाखाली लावायचे टोकदार दाते, काढून ठेवले होते आणि मॅट सरळ करताना तिचं टोक नेमकं त्यांच्यावर गेलं. पॅच किट होतं की, पण त्या थंडीत गोंद चिकटतोय कुठे. बाराला समिटसाठी निघायचं होतं, म्हणजे चार तास काढायचे होते, ते मी दोर, रिकामी सॅक आणि पार्टनरने त्याच्या मॅटवर दिलेल्या चार बोटं जागेवर काढले. त्याची मॅट म्हणजे काय, तर १२० सेंटिमीटरला कापलेली काळी फोमची शीट, कडा उंदराने कुरतडल्यासारख्या. आणि गडी घोरत होता.

तेव्हापासून वरच्या कॅम्पला मी फोमच नेतो. आता एप्रिल-मेमध्ये मनालीकडे नाहीतर लडाखला निघणारी पोरं विचारतात की दादा कुठली मॅट घेऊ, आणि सोबत एखादा स्क्रीनशॉट पाठवतात. स्क्रीनशॉटवरून मला काहीच सांगता येत नाही, कारण मॅटचं मॉडेल शेवटी ठरतं. आधी बघायचं की तुम्ही नेमके किती तास आडवे होणार, कशावर होणार, आणि अंगाखाली घालण्यासारखं सॅकमध्ये आधीच काय काय आहे. म्हणून त्याच क्रमाने लिहितोय.

जाता जाता, आपण सगळे जो शब्द वापरतो ना, कॅरीमॅट, तो 'कॅरी करायची मॅट' असा नाहीये. करीमॉर ही ब्रिटिश कंपनी, १९४६ मध्ये सायकलच्या बॅगा शिवत सुरू झालेली, तिच्या 'करीमॅट' नावाच्या फोम मॅटवरून तो आलाय. आपल्याकडे मात्र राजगडच्या पद्मावती मंदिरात अंथरलेली कुठलीही गुंडाळी कॅरीमॅटच.

आधी रात्री मोजा

कागद घ्या आणि प्लॅन लिहा. बेस कॅम्पला किती रात्री, वर किती रात्री, आणि वरच्या रात्रीत प्रत्यक्ष झोप किती तास. बहुतेक पाच-सहा हजार मीटरच्या पीकला समिटच्या रात्री तुम्ही संध्याकाळी सहाला स्लीपिंग बॅगमध्ये शिरता आणि अकरा-बाराला उठता, म्हणजे झोप अशी नाहीच, पडून राहणं. त्या पाच तासांसाठी गादीसारखा आराम विकत घेऊन तो खांद्यावर वाहायचा यात मला काही राम दिसत नाही.

बेस कॅम्पपर्यंत घोडे किंवा पोर्टर असतील तर तिथे घरची जाड मॅट न्या, दोन न्या, कोण अडवतंय. वजनाचा विचार करायचा तो फक्त वर जाणाऱ्या मॅटचा. बरेच जण इथेच घोळ घालतात, आठ दिवसांच्या ट्रिपसाठी एकच मॅट घ्यायची म्हणून मधलंच काहीतरी घेतात, जे बेसला कमी पडतं आणि वर जड होतं.

माझा हिशोब असा: वर एकच रात्र आणि तीही मे-जूनमधली, तर १० मिलिमीटरचा कापलेला फोम, साधारण २०० ग्रॅम. दोन-तीन रात्री बर्फावर असतील तर ४०० ग्रॅमच्या आसपासची घडीची फोम मॅट पूर्ण लांबीची, नाहीतर तोच कापलेला फोम खाली आणि वर एक हलकी एअर मॅट. त्याहून जास्त रात्री किंवा सप्टेंबरअखेरीनंतरची थंडी असेल तर नुसत्या फोमवर जाऊ नका, फोम आणि एअर दोन्ही न्या.

आर व्हॅल्यूचं गणित, सोपं करून

आर व्हॅल्यू म्हणजे मॅट उष्णतेला किती अडवते त्याचा आकडा, जास्त तेवढं चांगलं. २०१८ साली एएसटीएम एफ ३३४० नावाचं स्टँडर्ड आलं, त्याआधी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने मोजायची, त्यामुळे जुने आकडे नव्या आकड्यांशी लावून बघू नका. उदाहरण घ्या थर्मारेस्टच्या झी लाइट सोलचं, ती अंड्याच्या ट्रेसारखी घडीची पिवळी-चंदेरी मॅट. तिच्यावर आधी २.६ लिहिलेलं असायचं, नव्या टेस्टनंतर २.० झालं, मॅट तीच. वजन ४१० ग्रॅम, जाडी २ सेंटिमीटर. नेमोची स्विचबॅकही त्याच वर्गातली, ४१५ ग्रॅम आणि आर २.० च.

आता गंमत बघा. बंद पेशींचा, म्हणजे ज्याच्या बुडबुड्यांत पाणी शिरत नाही असा साधा सपाट फोम, १० मिलिमीटर जाड, त्याचा आर साधारण १.३ ते १.५ निघतो. मग २ सेंटिमीटरच्या झी लाइटचा तीनच्या आसपास का नाही? कारण ते खड्डे-उंचवटे. दोन सेंटिमीटर ही उंचवट्याच्या टोकापर्यंतची जाडी, मधे नुसती हवा, आणि तुम्ही झोपलात की ते उंचवटे दबतात. म्हणजे जाडीचा आकडा वाचून मॅट घ्यायची नाही, पॅकवर आर बघायचा आणि तो लिहिलेलाच नसेल तर सपाट फोमची जाडी मोजायची.

हे अंगाला किती लागतं? ढोबळ मांडतो. झोपलेला माणूस साधारण ७०-८० वॅट उष्णता तयार करतो, एखाद्या जुन्या पिवळ्या बल्बएवढी. जमिनीला टेकलेलं अंग धरा अर्धा चौरस मीटर, आणि अंगाखालचं तापमान व बर्फ यांच्यात ३० अंशांचा फरक. आर १.४ असेल तर खालून जातात साधारण ६० वॅट, आर २ ला त्रेचाळीसच्या आसपास, आर ४ ला एकवीस. प्रत्यक्षात कपडे आणि दबलेली स्लीपिंग बॅग थोडं अडवतात त्यामुळे आकडे याहून कमी येतील, पण क्रम हाच राहतो. म्हणजे पातळ मॅटवर तुमच्या बल्बचा अर्ध्याहून जास्त उजेड बर्फाला. स्लीपिंग बॅग कितीही भारी असू दे, पाठीखालचं तिचं डाऊन (आतली पिसं) चेपून कागद झालेलं असतं, आणि बॅगवर छापलेलं तापमान खाली चांगली मॅट आहे असं धरूनच काढलेलं असतं. 'माझी बॅग मायनस दहाची होती तरी रात्रभर कुडकुडलो' असं कोणी म्हणालं की मी आधी मॅट विचारतो.

दुसरी कामाची गोष्ट म्हणजे आर व्हॅल्यूंची सरळ बेरीज होते, दोन मॅट एकावर एक टाकल्या की दोन आणि दोन चार. म्हणून खालच्या दोराला आणि सॅकलाही किंमत आहे, त्यावर पुढे येतोच.

फोम कुठला

दुकानात, म्हणजे ट्रेकिंगच्या दुकानात नव्हे तर फोम-रबरवाल्याकडे गेलात तर चार प्रकार समोर येतात, आणि सगळ्यांना तो 'फोम'च म्हणतो.

टीव्ही-फ्रिजच्या खोक्यात येतो तो पांढरा, चुरचुर आवाज करणारा ईपीई: हलका असतो, स्वस्त असतो, आणि दोन रात्रीत चपटा होतो. त्याचे बुडबुडे मोठे असतात, नखाने दाबलं की वळ तसाच राहतो. नको.

गादीचा स्पंज: पाणी पितो. बर्फावर तर विचारूच नका.

योगा मॅट: सगळ्यात जास्त लोक हीच उचलतात कारण घरात पडलेली असते. पीव्हीसीची असेल तर जड, थंडीत कडक, आणि जाडीच्या मानाने गरम ठेवत नाही. घरी सूर्यनमस्काराला ठेवा.

क्रॉसलिंक्ड पॉलिथिलीन, म्हणजे एक्सएलपीई: हा आपला माल. एसीच्या डक्टला आणि पत्र्याच्या शेडखाली लावतात तोच, काळा किंवा राखाडी, बारीक पेशींचा, हाताला किंचित मेणचट. घनता साधारण ३० किलो प्रति घनमीटर असेल तर १८० बाय ५० सेंटिमीटर, १० मिलिमीटरची शीट २७० ग्रॅम भरते. हिशोब तुम्हीच करून बघा, नऊ लिटर फोम गुणिले तीस. १२० ला कापली की १८० ग्रॅम. याच कुटुंबातला ईव्हीए फोम थंडीत जास्त लवचिक राहतो आणि जास्त टिकतो, पण बहुतेक वेळा घनता जास्त असते. पन्नासची घनता असेल तर तीच शीट ४५० ग्रॅमवर जाते, मग कापण्यावाचून गत्यंतर नाही.

घेताना तिथेच करायच्या टेस्ट: अंगठ्याने दहा सेकंद जोरात दाबा आणि सोडा, खळगा लगेच भरून आला पाहिजे. कोपरा दुमडून घट्ट पिळा, पांढरी रेघ पडून तडा गेला तर तो फोम घडीचं सुख देणार नाही. घरी आणलेल्या तुकड्याचं स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा, रात्रभर बादलीत दगडाखाली दाबून ठेवा, सकाळी पुसून परत वजन. पाच-दहा ग्रॅमच्या आत वाढलं तर ठीक, भसाभस वाढलं तर पेशी उघड्या आहेत.

चंदेरी फॉइलबद्दल लोक फार विचारतात. फॉइलला काम करायला समोर हवेची फट लागते, तुमचं अंग तिच्यावर दाबून बसलं की तिचा फायदा जेमतेम उरतो. शिवाय गुळगुळीत फॉइलची मॅट टेंटच्या नायलॉनवर घसरते, आणि वरच्या कॅम्पचे टेंट काही बिलियर्ड टेबलवर लागत नाहीत, सकाळी सगळे जण पायाकडच्या कोपऱ्यात गोळा झालेले.

ताटातल्या बर्फाची टेस्ट

ही मी दोन-तीन वेळा केलीय आणि घरच्यांनी मला वेड्यात काढलंय, पण दोन फोममध्ये निवडायचं असेल तर याहून सोपी टेस्ट मला माहीत नाही. पोळपाटाएवढं स्टीलचं ताट काठोकाठ पाणी भरून फ्रीझरमध्ये ठेवा. पूर्ण गोठलं की बाहेर काढून फरशीवर घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा, वर फोमचा तुकडा ठेवा, त्यावर ट्रॅक पँट घालून वीस मिनिटं बसा. बूड किती गार पडलं ते कळतंच, पण त्यावर भरवसा ठेवू नका. उठल्यावर ताटातलं वितळलेलं पाणी वाटीत ओतून वजन करा. दुसऱ्या दिवशी दुसरा फोम, तेवढाच तुकडा, तेवढाच वेळ. खोलीतल्या उकाड्याने काही पाणी होणारच, ते दोघांनाही सारखं. ज्या फोमखाली पाणी कमी, तो घ्या. माझ्याकडे खड्ड्यांची मॅट आणि सपाट १२ मिलिमीटरचा एक्सएलपीई यांच्यात काट्यावर फारसा फरक पडला नाही, आणि तेव्हाच मी ठरवलं की सपाटच कापायचा.

सपाटचा अजून एक फायदा आहे जो कॅटलॉगमध्ये लिहीत नाहीत. खड्ड्यांच्या मॅटमध्ये भुरभुरीत बर्फ जाऊन बसतो. टेंटमध्ये घेताना झटकला तरी थोडा राहतोच, मग तो वितळतो आणि स्लीपिंग बॅग ओली. सपाट फोम ग्लोव्ह्जने एकदा पुसला की कोरडा.

आता कापायचा

मॅटवर आडवे व्हा, घरातल्या कोणाला तरी पेन घेऊन बोलवा. खांद्याच्या वरच्या कडेला एक खूण, बूड संपतं तिथे दुसरी, गुडघ्याला तिसरी. डोक्याखाली मॅट लागत नाही, तिथे बूट किंवा कपड्यांची पिशवी येते. माझी उंची १७० सेंटिमीटर आहे आणि माझं खांदा ते बूड सत्तरच्या आत भरतं, खांदा ते गुडघा नव्वदच्या आसपास जातं. ९० ची मॅट म्हणजे फार कडक हिशोब, एका बिव्हॅकसाठी, म्हणजे टेंटशिवाय उघड्यावर काढलेल्या रात्रीसाठी ठीक. पहिल्यांदाच कापत असाल तर १२० ला कापा, नंतर कमी करता येते, परत जोडता येत नाही (डक्ट टेपने जोडता येते, पण थंडीत टेप सुटतो, केलंय).

रुंदी ५० ठेवा. आल्पाइन टेंट आत साधारण १२० रुंद असतात, दोन ५० च्या मॅट बसतात आणि भिंतीचं दव अंगाला लागत नाही. पायाकडे निमुळती केली तर अजून थोडे ग्रॅम वाचतात, खांद्याला ५०, गुडघ्याला ३५. कमरेला मात्र कापू नका, कुशीवर वळल्यावर बूड नेमकं बाहेर जातं.

कटरला नवीन ब्लेड लावा. स्टीलची पट्टी दाबून धरायची, पहिल्या फटक्यात अर्धी जाडी, दुसऱ्यात आरपार. जुन्या ब्लेडने फोम कापला जात नाही, ओढला जातो, आणि त्या पार्टनरच्या मॅटसारख्या कडा होतात. कोपरे वाटी ठेवून गोल करा, टोकदार कोपरे पहिले फाटतात. एका कोपऱ्यापासून तीन सेंटिमीटर आत दोन्ही बाजूंनी टेप लावून बोटभर भोक पाडा आणि त्यात बारीक दोरीचा लूप अडकवा. हा लूप विसरू नका. कपारीवर बिव्हॅकला बसलात की मॅट अँकरला, म्हणजे तुम्ही स्वतः जिथे बांधून घेतलंय तिथे, क्लिप करायची, कारण ती पतंग आहे. आमच्यातल्या एकाने मॅट पसरली, बूट सोडायला वाकला, आणि मॅट उठली आणि शांतपणे खालच्या ग्लेशियरवर तरंगत गेली. आम्ही तिघं नुसतं बघत होतो.

पायाखाली काय

गुडघ्याच्या खाली दोर सपाट वेटोळ्यात पसरायचा, कोरडा असेल तर. ओला दोर आत घेऊ नका, तो रात्रभर तुमच्याच उष्णतेवर वाळतो. सॅक रिकामी करून पाठीची पॅडवाली बाजू वर ठेवायची आणि स्लीपिंग बॅगचा पायाकडचा भाग तिच्या तोंडात सरकवायचा, बिव्हॅकला तर हे हवंच. सॅकच्या पाठीत काढता येणारा फोम असेल तर तो काढून कमरेखाली टाका, तिथे आपण सगळ्यात जास्त दाबतो. नवीन सॅक घेणार असाल तर हा पॅड निघतो का ते बघून घ्या, तेवढी मॅट कमी न्यावी लागते.

टेंट लावण्याआधी बर्फ तुडवून सपाट करा आणि वीस-तीस मिनिटं तसाच बसू द्या, घट्ट होतो. भुसभुशीत बर्फावर लगेच झोपलात तर कमरेचा खड्डा पडतो, तो रात्री गोठतो, आणि पहाटे तुम्ही बशीत झोपलेले असता. दोन मॅटमधली फट हा दुसरा शत्रू, दोघांच्या मॅटना कडेला दोन-दोन भोकं पाडून इलॅस्टिकने बांधा. एअर मॅट नेत असाल तर फोम तिच्या खाली, म्हणजे खालून काही टोचत नाही आणि ती बसलीच तरी तुम्ही थेट बर्फावर येत नाही.

सॅकवर कुठे

सह्याद्रीत आपण मॅट सॅकखाली आडवी बांधतो, डोंगरयात्रेला चालतं. चढाईला नाही. आडवी मॅट कड्याला घासते, चिमणीत (अंग मावेल एवढ्या उभ्या भेगेत) अडकते, आणि अरुंद घळीत तुम्हाला बाहेर ढकलते. वाऱ्यात तर शीडच. बाहेर बांधायचीच असेल तर उभी, घट्ट, दोन पट्ट्यांनी. पण सगळ्यात चांगलं म्हणजे आतून. मॅट सैल गुंडाळून सॅकमध्ये उभी सोडायची, ती आतून भिंतीला चिकटते, आणि त्या नळकांड्यात बाकी सगळं भरायचं. फ्रेम नसलेल्या सॅकला आपोआप आकार येतो आणि आइस स्क्रू (बर्फात पिळून बसवायचे धातूचे स्क्रू) पाठीला टोचत नाहीत. जागा जाते, १२० च्या मॅटने सहा लिटर जाते, ते धरूनच सॅक निवडा. विमानाने जाताना तर मॅट आतच हवी, बाहेर बांधलेली एकदा बॅगेज बेल्टवर अर्धी होऊन आली माझी.

कॅम्पवर पोचलात की मॅट लगेच बाहेर काढायची. बूट घालताना तिच्यावर उभं राहा, बिलेला, म्हणजे पार्टनरचा दोर सांभाळत थांबलात तर बुडाखाली घ्या. स्टोव्ह तेवढा तिच्यापासून लांब, फोम पेटण्याआधी आक्रसतो आणि मग चिकट गोळा होतो.

घरी आल्यावर धुवून सावलीत वाळवा आणि पलंगाखाली आडवी पसरा, वर बॅगा रचू नका. मेच्या उन्हात गच्चीवर किंवा गाडीच्या डिकीत टाकली तर पॉलिथिलीन आक्रसतं, मग १२० ची ११५ होते. सीझन सुरू होताना कमरेच्या जागेची जाडी पट्टीने मोजा आणि कडेच्या जाडीशी लावून बघा. दहाची सात झाली असेल तर ती मॅट सह्याद्रीला द्या आणि वरच्यासाठी नवीन कापा.

कापल्यावर उरलेला ६० चा तुकडा टाकू नका. त्यातून ३० बाय ३५ चा बसायचा पॅड निघतो, तो सॅकच्या झाकणात राहतो आणि दिवसातून दहा वेळा लागतो. राहिलेल्यातून गॅस कॅनिस्टरखाली ठेवायला १५ ची चकती कापा, त्याने कॅनिस्टर बर्फात रुतत नाही, लवकर गारठत नाही आणि चहा जरा लवकर होतो.